कारंज्यामागचा वाडा

रोम शहराची चित्रे तुम्ही पाहिली असतील, तर ट्रेव्हीचे कारंजे तुमच्या नजरेतून सुटले नसणार. मध्यभागी शिंपल्याच्या रथावर उभा असलेला समुद्रदेव ओशिअनस, त्याच्या पुढे दोन सागरी घोडे, खाली ओबडधोबड खडकांवरून उतरणारे पाणी आणि त्यापुढे निळसर पाण्याचे रुंद कुंड. जगभरचे प्रवासी येथे येतात, कुंडाकडे पाठ करून खांद्यावरून नाणे फेकतात आणि छायाचित्र काढून परत जातात.

पण विद्यार्थीमित्रांनो, पुढच्या वेळी हे चित्र हाती आले की क्षणभर ओशिअनसला विसरा आणि त्याच्या मागच्या भिंतीकडे पाहा. तिला खिडक्या आहेत! डावीकडे खिडक्यांच्या रांगा आहेत, उजवीकडेही आहेत. म्हणजे ही नुसती शोभेची भिंत नव्हे. ती एका खऱ्याखुऱ्या इमारतीची दर्शनी बाजू आहे. या इमारतीचे नाव पलाझ्झो पोली.

ही इमारत कोणाची? तिच्या भिंतीला टेकून एवढे मोठे कारंजे कोणी आणि का बांधले? आणि कारंजे एवढे भव्य असूनही त्याचे पाणी आकाशात उंच का उसळत नाही? तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधताना आपल्याला दोन हजार वर्षे मागे आणि काही मीटर जमिनीखाली जावे लागेल.

पलाझ्झो म्हणजे काय?

इटालियन भाषेतील ‘पलाझ्झो’ या शब्दाचे भाषांतर आपण सहसा ‘राजवाडा’ असे करतो. परंतु पलाझ्झोत राजा राहत असलाच पाहिजे असे नाही. सरदार, धनिक व्यापारी, धर्माधिकारी यांच्या शहरातील मोठ्या घरालाही पलाझ्झोच म्हणत. आपल्याकडे ‘अमक्या सरदारांचा वाडा’ म्हणतात तसेच हे. म्हणून आपणही त्याला वाडाच म्हणू.

रोमच्या पूर्वेला पोली नावाचे एक लहान गाव आहे. कोंती घराण्यातील सरदार या गावाचे ड्यूक होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रेव्ही चौकातील हा वाडा या घराण्याकडे आला आणि गावाचे नाव वाड्याला चिकटले. १७२१ साली याच घराण्यातील एक गृहस्थ इनोसंट तेरावा या नावाने पोप झाले. त्या काळी पोप हा केवळ धर्मगुरू नसे. रोम आणि भोवतालच्या मोठ्या प्रदेशाचा तो राजाही असे. साहजिकच कोंती घराण्याचे वजन वाढले. ट्रेव्ही चौकात आपला वाडा डौलाने उभा राहावा अशी त्यांची इच्छा होती.

पण या चौकावर त्यांच्याही आधीपासून एकाचा हक्क होता. तो म्हणजे पाण्याचा.

शंभर मीटरला दोन सेंटिमीटर

इसवी सनापूर्वी १९ व्या वर्षी, ९ जून या दिवशी, रोममध्ये एक नवी जलवाहिनी सुरू झाली. सम्राट ऑगस्टसचा सेनापती आणि जावई मार्कस अग्रिप्पा याने ती बांधवली होती. तिचे नाव ‘अक्वा व्हिर्गो’, म्हणजे कुमारिकेचे पाणी. तहानलेल्या सैनिकांना एका मुलीने झरे दाखवले आणि तेथूनच हे पाणी आणले, अशी कथा सांगतात.

पहिल्या शतकाच्या अखेरीस फ्रंटायनस नावाचा अधिकारी रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख होता. त्याने आपल्या खात्याविषयी एक ग्रंथच लिहून ठेवला. त्यात तो या जलवाहिनीची लांबी १४,१०५ रोमन पावले देतो. रोमन पाऊल हे दोन पावलांचे मिळून एक मोजत. ते सुमारे १.४८ मीटर भरते. गुणाकार करून पाहा. लांबी जवळजवळ २१ किलोमीटर येते. यातील १२,८६५ पावले, म्हणजे सुमारे ९१ टक्के मार्ग जमिनीखालून होता. जलवाहिनी म्हटले की उंच कमानींची रांग आपल्या डोळ्यांसमोर येते. अक्वा व्हिर्गोच्या कमानी मात्र फक्त ७०० पावलांच्या, म्हणजे सुमारे एक किलोमीटरच्या होत्या.

आता खरी गंमत पुढे आहे. झऱ्यांची जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २४ मीटर उंचीवर आहे आणि जलवाहिनीचे शहरातील टोक सुमारे २० मीटरवर. म्हणजे २१ किलोमीटरच्या प्रवासात पाणी अवघे ४ मीटर खाली उतरते! दर शंभर मीटरला उतार जेमतेम दोन सेंटिमीटर.

एवढा बारीक उतार रोमन लोकांनी कसा साधला? त्यांच्याकडे ‘कोरोबेट्स’ नावाचे एक साधन होते. वास्तुविशारद व्हिट्रुव्हिअसने त्याचे वर्णन केले आहे. वीस रोमन फूट, म्हणजे सुमारे सहा मीटर लांबीची ही सरळ लाकडी फळी पायांवर उभी असे. तिला ओळंबे टांगलेले असत आणि वरच्या बाजूला पाणी भरण्यासाठी एक खाच असे. ओळंबे खुणांवर आले आणि खाचेतले पाणी दोन्ही टोकांना सारखे टेकले, की फळी समतल झाली. आपल्या गवंड्याचा ओळंबा आणि पाणसळ एकाच साधनात जोडावी तसे हे झाले. अक्वा व्हिर्गोचा उतार सहा मीटरच्या फळीवर मोजायचा तर तो साधारण एक मिलिमीटर भरतो. चूक एका दिशेने साचत गेली असती, तर पाणी वाटेतच थांबले असते. ते थांबले नाही.

बोगद्यातला उजेड

जमिनीखालून वाहण्याचा या पाण्याला पुढे मोठा फायदा झाला. इसवी सन ५३७ मध्ये गॉथ लोकांनी रोमला वेढा घातला आणि शहराकडे येणाऱ्या जलवाहिन्या तोडल्या. पाण्याचे बंद पडलेले मार्ग शत्रूला आत येण्याची वाट बनू शकत होते. प्रोकोपिअस हा त्या काळचा इतिहासकार एक प्रसंग सांगतो. काही गॉथ सैनिक मशाली घेऊन रात्री एका कोरड्या जलवाहिनीत शिरले. एका पहारेकऱ्याला जमिनीलगतच्या फटीतून उजेड दिसला. त्याच्या सोबत्यांनी तो लांडग्याच्या डोळ्यांचा असावा म्हणून हसण्यावारी नेला. सेनापती बेलिसेरिअसने मात्र दुसऱ्या दिवशी तपास करवला आणि मशालींचे ठिबकलेले थेंब सापडले. ही जलवाहिनी अक्वा व्हिर्गोच असावी असे मानले जाते.

जलवाहिन्या गेल्या तशी शहराची रयाही गेली. लोकवस्ती आटली, उंच टेकड्या ओस पडल्या आणि उरलेले लोक टायबर नदीच्या काठी दाटीने राहू लागले. या पडत्या काळात ज्या एका प्राचीन जलवाहिनीचे पाणी थोडेफार का होईना शहरात येत राहिले, ती अक्वा व्हिर्गो. आठव्या शतकात पोप एड्रियन पहिला याने तिची दुरुस्ती केली. तिचा शहरातील शेवटचा भाग मोडून गेला होता. त्यामुळे पूर्वी पार पँथिऑनजवळच्या स्नानगृहांपर्यंत जाणारे पाणी आता अलीकडेच, ट्रेव्हीच्या जागी संपू लागले. १४५३ साली पोप निकोलस पाचवा याने पुन्हा डागडुजी करून तेथे एक साधे कुंड बांधले. लोक तेथे घागरी भरीत आणि जनावरांना पाणी पाजत. १५७० मध्ये जलवाहिनी थेट मूळ झऱ्यांपासून पुन्हा वाहती झाली.

म्हणजे ट्रेव्हीची जागा कोणी सौंदर्य पाहून निवडलेली नाही. तुटलेली जलवाहिनी जेथे संपली, तेथे कुंड झाले आणि कुंडाच्या शेजारी घरे झाली. त्यांपैकीच एका जागी पुढे आपला वाडा उभा राहिला.

वाड्याने दिलेली जागा

या चौकात मोठे कारंजे व्हावे ही इच्छा जुनी होती. १६२९ साली पोप अर्बन आठवा याने प्रसिद्ध शिल्पकार बेर्निनी याच्याकडून आराखडा मागवला. काम थोडे पुढे सरकले, पण १६४४ मध्ये पोप वारला आणि ते थांबले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे चौकात एक साधे कुंडच राहिले.

इनोसंट तेरावा १७२४ साली वारला, तेव्हा कोंती घराण्याचा मोठा आधार गेला. १७३० मध्ये क्लेमेंट बारावा पोप झाला आणि त्याने कारंज्यासाठी स्पर्धा जाहीर केली. काम मिळाले ते निकोला साल्वी या रोमच्याच वास्तुविशारदाला. खर्चाचा बराच भाग लॉटरीच्या उत्पन्नातून उभा राहिला. १७३२ साली काम सुरू झाले.

साल्वीपुढे अडचण होती ती जागेची. चौक लहान होता. कारंजे चौकाच्या मध्यभागी उभे केले असते तर चालायलाही वाट उरली नसती. म्हणून त्याने कारंजे वाड्याच्या दक्षिणेकडील भिंतीला टेकवले. त्यासाठी वाड्याचा मधला भाग पाडावा लागला. तेथे चार स्तंभांची, विजयकमानीसारखी एक प्रचंड रचना उभी राहिली आणि तिच्या कोनाड्यात ओशिअनस आला. दोन्ही बाजूंना वाड्याचे पंख उरले. ते आणि कमान वेगवेगळे दिसू नयेत, म्हणून दोन मजले उंचीचे, भिंतीत अर्धे रुतलेले स्तंभ संपूर्ण दर्शनी बाजूवर एका तालात बसवले गेले. त्यामुळे घर कोठे संपते आणि कारंजे कोठे सुरू होते, हे डोळ्याला कळतच नाही. वरच्या मजल्यावर उजवीकडची एक खिडकी तर खरी खिडकीच नाही. दोन्ही बाजूंचा तोल बिघडू नये म्हणून ती भिंतीवर नुसती रंगवलेली आहे.

विचार करा, आपल्या घराची पुढची बाजू सगळ्या गावाने पाहावी म्हणून घरमालक धडपडतो. कोंती घराण्यालाही तेच हवे होते. त्यांच्या वाड्याची भिंत आज जगात सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या भिंतींपैकी एक आहे. पण पाहणाऱ्यांना तिच्यामागे वाडा आहे हेच माहीत नसते!

काम पुरे व्हायला तीस वर्षे लागली. क्लेमेंट बारावा १७४० मध्ये आणि साल्वी १७५१ मध्ये वारला. ज्युसेप्पे पानिनी याने उरलेले काम पार पाडले, पिएत्रो ब्राची याने ओशिअनसची मूर्ती घडवली आणि २२ मे १७६२ रोजी कारंजे लोकांसाठी खुले झाले. त्याची उंची सुमारे २६ मीटर, रुंदी सुमारे ४९ मीटर.

पाणी उसळत का नाही?

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू. एवढ्या भव्य रचनेत पाण्याचा उंच फवारा का नाही?

उत्तरासाठी एक प्रयोग करा. एका बादलीत पाणी भरून ती टेबलावर ठेवा. रबरी नळीचे एक टोक पाण्यात बुडवा. दुसऱ्या टोकाने पाणी ओढून घ्या आणि ते टोक वरच्या दिशेने धरून खाली जमिनीजवळ न्या. फवारा उडेल. आता ते टोक हळूहळू वर उचला. फवारा लहान लहान होत जाईल आणि टोक बादलीतल्या पाण्याच्या पातळीला आले की पाणी थांबेल. फवारा बादलीतल्या पातळीच्या वर कधीच जात नाही. नळीतील घर्षण आणि हवेचा विरोध यांमुळे तो तेथपर्यंतही पोहोचत नाही. पाण्याला वर चढण्याचे बळ मिळते ते उंचीतील फरकामुळे, आणि हा फरक दहा मीटर असेल तर जवळजवळ एका वातावरणाइतका दाब मिळतो.

अक्वा व्हिर्गोचे पाणी मुळातच कमी उंचीवरून येते आणि वाटेत उरलीसुरली उंचीही खर्च करते. ट्रेव्ही चौकात ते पोहोचते तेव्हा त्याची पातळी जमिनीपेक्षा फारशी वर नसते. आजच्यासारखे विजेचे पंप त्या काळी नव्हते. मग उंच फवारा कोठून यावा? याउलट सेंट पीटर चौकातील कारंज्यांना ‘अक्वा पाओला’ या दुसऱ्या जलवाहिनीचे पाणी मिळे. ते बरेच उंचावरून येत असल्याने तेथे फवारे उंच उडत.

साल्वीने ही उणीव ओळखून मांडणीच उलटी केली. पाणी वर नेता येत नाही ना, मग जमीनच खाली नेऊ! त्याने कुंड रस्त्याच्या पातळीखाली घेतले आणि चौकातून कुंडाकडे उतरायला पायऱ्या केल्या. पाणी वर उसळण्याऐवजी खडकांवरून पसरत, फुटत, पायरीपायरीने खाली पडते. उंची थोडी, पण आवाज मोठा आणि देखावा रुंद. उंचीचा भास देण्याचे काम मागच्या वाड्याने केले. वर उठते ती भिंत, आणि पाणी फक्त खाली येते.

याच जलवाहिनीच्या पाण्यावर चालणारे आणखी एक कारंजे रोममधील स्पेन चौकात आहे. पिएत्रो बेर्निनीने १६२७ ते १६२९ या काळात ते बांधले. त्याचा आकार अर्धवट बुडालेल्या होडीचा आहे. होडी बुडालेलीच का? कारण तेथेही पाण्याला दाब नव्हता, म्हणून कुंड जमिनीत खाली घ्यावे लागले. भौतिकशास्त्राच्या एका नियमाने दोन शिल्पकारांना कशी वेगवेगळी कल्पना सुचवली, हे पाहण्यासारखे आहे.

पाण्यातून जन्मलेला दगड

कारंजे ज्या दगडाचे आहे त्याचे नाव ट्रॅव्हर्टाइन. रोमच्या पूर्वेस तिव्होलीजवळ त्याच्या खाणी आहेत. हा चुनखडीचाच एक प्रकार आहे आणि त्याचा जन्म पाण्यातून होतो. कार्बन डायऑक्साइड विरघळलेले पाणी किंचित आम्लधर्मी असते. ते जमिनीखालच्या चुनखडीतील कॅल्शियम कार्बोनेट विरघळवते. असे पाणी झऱ्यातून वर आले की त्यातील वायू उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट पुन्हा घन रूपात खाली बसते. थरावर थर साचून ट्रॅव्हर्टाइन तयार होतो. त्यातील बारीक छिद्रे हीच त्याची खूण.

जड पाणी तापवलेल्या भांड्याच्या तळाशी पांढरी खरपुडी धरते, ती याच क्रियेने. कारंज्यावरही असा क्षार साचतो, ओलाव्यावर शेवाळ येते आणि वाहनांच्या धुराने दगड काळवंडतो. म्हणून त्याची वारंवार सफाई करावी लागते. २०१४-१५ मध्ये मोठी दुरुस्ती होऊन ३ नोव्हेंबर २०१५ रोजी कारंजे पुन्हा सुरू झाले. २०२४ च्या अखेरीस पुन्हा क्षार आणि शेवाळ काढण्यात आले. आता कुंडातील पाणी पंपांनी फिरवून पुन्हा वापरले जाते. प्रवाशांनी टाकलेली नाणी गोळा करून गरिबांना मदत करणाऱ्या कारितास या संस्थेला दिली जातात.

वाड्याच्या आत

आता वाड्यात शिरू. एकोणिसाव्या शतकात येथे भाडेकरू राहत. रोमच्या बोलीभाषेत सॉनेटे लिहिणारा कवी बेल्ली काही काळ येथे राहिला. रशियन राजकुमारी झिनाइदा व्होल्कोन्स्काया येथे राहत असे, आणि तिच्या घरी लेखक निकोलाय गोगोल याने आपले नाटक वाचून दाखवले होते. १८६६ साली वाड्यातील दांते दालनाचे उद्घाटन झाले तेव्हा संगीतकार फ्रांझ लिस्ट याची दांतेवरील सिंफनी वाजवण्यात आली.

१८७१ मध्ये रोम इटलीची राजधानी झाले आणि शहराला रुंद रस्ते हवेसे झाले. १८८० नंतरच्या दशकात त्रितोने नावाचा रस्ता काढताना वाड्याचा मागचा भाग पाडला गेला. पुढची बाजू पाण्याला दिली होती, मागची रस्त्याला द्यावी लागली!

१९७८ साली वाडा सरकारच्या ताब्यात आला. आज तेथे चित्रमुद्रणाची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिच्या संग्रहात वीस हजारांहून अधिक मुद्रणपत्रे आहेत. त्यांतील बहुतेक तांब्याची. पूर्वी पुस्तकातील चित्रे अशा पत्र्यांवरून छापत. पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने चित्र ओरखडायचे, मग पत्रा आम्लात बुडवायचा. जेथे थर निघाला असेल तेथेच आम्ल तांबे खाते आणि रेषा खोल होतात. थर काढून रेषांत शाई भरायची, वरची शाई पुसायची आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून पत्रा फिरवायचा. कागद खाचांतील शाई उचलतो.

या संग्रहात पिरानेसी (१७२०-१७७८) या विख्यात चित्रकाराचे हजारांहून अधिक पत्रे आहेत. रोमची दृश्ये कोरताना त्याने ट्रेव्हीचे कारंजेही कोरले होते. आणखी एक योगायोग पाहा. या संग्रहाची सुरुवात १७३८ साली झाली, ती एका जुन्या छापखान्याचे पत्रे परदेशी जाऊ नयेत म्हणून पोपने विकत घेतले तेव्हा. तो पोप कोण? क्लेमेंट बारावा, म्हणजे ज्याने वाड्यापुढे कारंजे आणून उभे केले तोच! ज्याने वाड्याचे तोंड झाकले, त्याचाच ठेवा आज वाडा सांभाळतो आहे.

तुमच्यासाठी एक काम

तुमच्या गावाला पाणी कोठून येते ते शोधून काढा. तलाव, धरण किंवा विहीर समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे? तुमचे घर किती उंचीवर आहे? दोन्हींमधील फरक आणि अंतर यांवरून उतार काढा. वाटेत पंप असेल तर तो कोठे आणि का बसवला आहे, हे पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात विचारा. नंतर उत्तर ट्रेव्हीच्या आकड्यांशी ताडून पाहा. शंभर मीटरला दोन सेंटिमीटर उतारावर, पंपाशिवाय, २१ किलोमीटर पाणी आणणे किती अवघड होते, हे तेव्हा तुम्हाला नीट उमगेल.